शिरोक्कोच्या दिवशी उघडी खिडकी

१

मिर्ता एकदाची झोपली होती.

सकाळपासून नुसती किरकिर. नाक वाहतंय, अंग कोमट, सूप नको, दूध नको आणि आईची मांडी काही सोडायची नाही. निवेसनं तिला थोपटून थोपटून, स्वतःचा श्वाससुद्धा धरून उशीवर ठेवली आणि पाऊल न वाजवता दारापर्यंत आली. फेब्रुवारीतल्या दुपारी समुद्राकाठच्या रोक्कासालेत तसाही आवाज नसतो. हॉटेलं बंद, किनाऱ्यावरच्या केबिनी मोडून रचून ठेवलेल्या, आइस्क्रीमवाल्याच्या शटरवर ‘ईस्टरला भेटू’ची पाटी. निवेसला वाटलं, आता थोडा वेळ आपला. पाय वर घेऊन बसायचं. कुणी काही मागणार नाही.

खण्.

स्वयंपाकघरातून आवाज आला. मग जरा थांबून पुन्हा, खण्.

“आई!” उशीवरून हाक आली. गळकं नाक जागं झालं होतं.

निवेसनं कपाळावर हात मारला, पोरीला कडेवर घेतलं आणि तणतणत स्वयंपाकघर गाठलं. संगमरवरी टेबलाशी तिची सासू कोलोम्बा उभी होती. अंगात कोट तसाच. एप्रनच्या खिशातून एकेक चावी काढून ती दगडावर ठेवत होती.

“सासूबाई, एवढी भांडी आहेत घरात, तीही बडवा ना! आत्ता झोपली होती ती.”

“परत द्यायच्यात,” कोलोम्बा म्हणाली. “सगळ्या.”

निवेसचा राग जागच्या जागी विरला. या चाव्या म्हणजे कोलोम्बाचं सगळं आयुष्य होतं. तोरिनो-मिलानची माणसं ऑगस्टात येत, सप्टेंबरात घर मिटून जात आणि जाताना चावी कोलोम्बाच्या हातात ठेवत. हिवाळाभर ती घरोघर जाऊन खिडक्या उघडायची, नळ बघायची, उंदीर हाकलायची. चाव्यांवर नावं नव्हती, नुसते लोकरीचे धागे. निळा, लाल, हिरवा. कुठला धागा कुणाचा, हे एक ती जाणे.

“कुणी मागितल्या?”

“लाल धागेवालीनं. तोरिनोची दातांची डॉक्टरीण. काल रात्री अचानक आलीय. तिच्या घरातून पोवळं गेलं म्हणते.” कोलोम्बानं शेवटची चावी ठेवली. “घर बंद, कडी शाबूत, चावी माझ्याकडे. आज एकीनं मागितली, उद्या सगळे मागतील. आपणच नेऊन दिलेल्या बऱ्या.”

“तुम्ही घेतलंत?”

“हे तू विचारतेस?”

“मी नाही, पोलिस विचारतेय.” निवेस गावच्या पालिकेची पोलिस होती. हिवाळ्यात तर एकटीच. साहेब डोंगरात बर्फावर घसरायला गेले होते.

कोलोम्बानं चाव्या एका रांगेत सरळ केल्या. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. तिच्या तोंडाला एकदा कुलूप लागलं की त्याची चावी कुठल्याच धाग्याला नसायची.

मिर्ता मात्र टेबलावर ओणवी होऊन धागे चाळत होती. “निळी आहे. हिरवी आहे. पिवळी कुठंय? पिवळं घर घोरतं.”

“घरं घोरत नाहीत, राणी. नाक पूस.”

“घोरतात. आजीला विचार.”

कोलोम्बानं नातीला झटकन उचलून घेतलं. “तापात बडबडतेय पोर. तू जा, बघ त्या बाईकडे. मी हिला बघते.”

२

लोरेदाना फेर्रो दारातच उभी होती. महागडा कोट, झोप न झालेले डोळे.

“तुम्ही पोलिस म्हणून आलात की सून म्हणून?”

“आज दोन्ही. गावात दुसरं कुणी नाही.”

“मग दोघींनाही सांगते. उद्या सकाळपर्यंत पोवळं जागेवर आलं तर मी काही बोलणार नाही. नाहीतर शेजारच्या गावात मोठ्या ठाण्यात तक्रार देईन आणि तुमच्या सासूबाईंचं नाव घालीन. मला हौस नाही. पण माझ्या आईची वस्तू आहे ती.”

पलंगाच्या उशाशी भिंतीवर नुसता खिळा होता. तिथं पोवळ्याची एक फांदी टांगलेली असायची, वरच्या टोकाला चांदीची टोपी. लोरेदाना जन्मली तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून आईनं ती पाळण्याला बांधली होती. आई गेली, पोवळं राहिलं.

निवेसनं खोली पाहिली. कपाटावर चांदीचे दिवे तसेच. टीव्ही जागेवर. ड्रॉवरमध्ये दुर्बीण. चोर आला आणि खिळ्यावरची फांदी तेवढी घेऊन गेला. शहाणा म्हणावा की वेडा?

ती खाली वाकली. पलंगामागे भिंतीच्या तळाशी काळ्या बुरशीचे ठिपके उठले होते. ताजे, अजून न वाळलेले. कोलोम्बा बघते त्या घरात बुरशी? निवेसला ते कोलोम्बाला दाढी फुटावी इतकं विचित्र वाटलं.

“चाव्या किती जणांकडे?”

“माझी माझ्या पर्समध्ये. तुमच्या सासूबाईंची. बाबांची मी गेल्या वर्षी काढून घेतली.” लोरेदानानं पर्स घट्ट धरली. “तोरिनोत त्यांनी गॅस चालू ठेवला होता. शेजाऱ्यांनी दार फोडलं. तेव्हापासून या घराची चावी माझ्याकडे. इथं ते एकटे आले तर कोण बघणार?”

“ते आता कुठं असतात?”

“तोरिनोतच. एकटे. हट्ट! मी रोज संध्याकाळी मोबाईलवर फोन करते. विचारते, बाबा, घरी आहात ना? हो म्हणतात. पण डोकं आता…” तिनं हवेत हात हलवला. “मागच्या आठवड्यात म्हणाले, मीठ ओलं झालंय, डबीतून पडतच नाही. तोरिनोत अशी कोरडी थंडी की ओठ फाटतात आणि यांचं मीठ ओलं! म्हणूनच तर घर विकायला काढलंय. त्यांना जवळ ठेवायचं तर मोठी जागा हवी. उद्या गिऱ्हाईक बघायला येणार होतं. परवाच फोन करून तुमच्या सासूबाईंना सांगितलं, घर तापवून ठेवा.”

“बाबांना ठाऊक आहे, विकायचंय ते?”

“सांगितलंय.” तिनं नजर वळवली. “ऐकून घेतलं. काही बोलले नाहीत.”

निवेस स्वयंपाकघरात गेली. ओट्याशेजारी कॉफीचं जुनं भांडं तीन भाग सुटे करून पालथं घातलं होतं. बंद घरात भांड्याला वास धरू नये म्हणून गावात सगळे तसंच ठेवतात.

“हे तुम्ही धुतलंत?”

“मी त्याला हातच लावत नाही. माझं मशीन आहे की!”

निवेसनं चाळणी नाकाशी धरली. कालपरवाची कॉफी. कोलोम्बाला तर डॉक्टरांनी कॉफी बंद केली होती. ती जवाचं काळं पाणी प्यायची आणि दर घोटाला डॉक्टरांना शिव्या द्यायची.

म्हणजे चोर आला, त्यानं कॉफी केली, भांडं नीट धुऊन ठेवलं आणि मग चोरी केली.

३

गावात एकच बार उघडा होता आणि त्यात दोनच माणसं होती. दोघंही निवेसला हवी असलेली. हिवाळ्यात तपासाचं तेवढं एक सुख.

पहिला रंगारी ओत्तोरीनो. लोरेदानाच्या इमारतीला उभ्या-आडव्या बांबूंची परांची बांधून त्यानं दर्शनी भिंत रंगवायला घेतली होती. दुसरी बिरगिट्टे, निवृत्त डॅनिश बाई. दर हिवाळ्यात समुद्राकाठची गावं ती हंगाम नसताना पाहत हिंडायची आणि मिटलेल्या दारांचे फोटो काढायची.

“ये, ये, निवेस!” ओत्तोरीनोनं खुर्ची ओढली. “मला बेड्या घालायला आलीस ना? बांबूंवरून चढून शिरलो म्हणून?”

“शिरलास का?”

“अगं, त्या डॉक्टरीणबाईच्या बाजूला जी खिडकी आहे ना, ती खिडकी नाहीच. भिंतीवर रंगवलीय. माझ्याच बापानं. पडदासुद्धा रंगवलाय, मांजरसुद्धा. तिच्यातून आत शिरायला मला देवदूत व्हावं लागेल आणि माझं वजन तुला ठाऊक आहे.”

“खऱ्या खिडक्या समुद्राकडे आहेत.”

“तिकडे माझे बांबू अजून पोचलेच नाहीत. शिवाय मागचा आठवडाभर शिरोक्को. हवा अशी ओली की रंग लावला तर घामासारखा ओघळतो. मी इथंच पत्ते खेळत होतो. हरत होतो, साक्षीदार भरपूर.” त्यानं डोळे बारीक केले. “पण तू मला एक सांग. तुझी सासू हल्ली दाढी करते का?”

“काय?”

“दुकानात दाढीची ब्लेडं घेत होती. मी म्हटलं, कोलोम्बा, मिशी आली का? तर माझ्या अंगावर वसकन आली. तुझा नवरा तर जहाजावर आहे ना?”

“चिली की पेरू, काहीतरी. उन्हाळ्यात येईल.” निवेसला उगाच गरम झालं. घरात ब्लेडं आली नव्हती. घरात दाढी करणारं कुणी नव्हतं.

बिरगिट्टेनं तेवढ्यात कॅमेरा पुढं सरकवला. तिची भाषा म्हणजे उकडून पाणी काढलेल्या भाजीसारखी होती, खाता यायची पण चव नसायची.

“तुमचं गाव फार सुंदर. फार बंद.”

“आम्हाला ठाऊक आहे, बाई.”

“मी तुमच्या सासूला विचारलं, झोपलेलं घर आतून दाखवा. ती नाही म्हणाली. फार जोरात. पण एका दिवशी एक घर उघडं! बघा.”

पडद्यावर लोरेदानाची इमारत होती. समुद्राकडच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या, आणि कठड्यावर चौकटीची रग वाळत घातलेली.

“हा कधीचा?”

“मागचा आठवडा. तारीख नाही आठवत. पण पाऊस नव्हता तरी पायऱ्या ओल्या, भिंतीतून पाणी. मी पडले. इथं.” तिनं कंबर दाखवली. “म्हणून वर बघितलं. म्हणून फोटो.”

निवेस कॅमेऱ्याकडे बघतच राहिली. पाऊस नाही आणि पायऱ्यांना घाम, म्हणजे शिरोक्को. आणि शिरोक्कोत खिडकी उघडी! रोक्कासालेतलं रांगणारं पोरही असं करत नाही. आफ्रिकेकडून येणारा तो ओला वारा घरात घेतला की वर्षभर बुरशी खरवडत बसायची. कोलोम्बा तर उत्तरेचा कोरडा वारा सुटल्याशिवाय खिडकीची फट होऊ द्यायची नाही. शिरोक्कोत निवेसनं एकदा मिर्ताचे लंगोट वाळवायला न्हाणीघराची खिडकी उघडली होती, तर सासू पंधरवडाभर बोलली नव्हती.

तेव्हा, खिडकी कोलोम्बानं उघडलेली नाही. ओत्तोरीनोनंही नाही, तो इथलाच. उघडली कुणीतरी बाहेरच्यानं.

आणि बाहेरची बाई समोरच बसली होती, कंबर चोळत.

“मी उद्या सकाळच्या बसनं जाते,” बिरगिट्टे हसून म्हणाली. “दुसरं गाव. ते अजून जास्त बंद आहे.”

४

पाटीच्या दगडाच्या पायऱ्या चढताना निवेसचं डोकं भणभणत होतं. एक पोर तापलेलं, एक सासू मुकी, एक डॉक्टरीण सकाळपर्यंत थांबणारी, एक डॅनिश बाई बसनं पळणारी. आणि नवरा कुठं, तर पेरूत. किंवा चिलीत.

मध्येच ती थांबली आणि पायरीवर बसली. बिरगिट्टे? पण कोलोम्बानं तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता, आणि कडी तर शाबूत होती. ज्यानं उघडलं त्यानं चावीनं उघडलं. शिवाय स्वतःच्या चोरीचा फोटो कोण दाखवत फिरेल? कॉफीचं भांडं असं सुटं करून ठेवायचं बिरगिट्टेला कुठून सुचणार? आणि दाढी, बिरगिट्टेला दाढी नव्हती.

निवेसनं डोळे मिटले. शिरोक्कोत खिडकी उघडतो, म्हणजे इथला नाही. पण कॉफीचं भांडं इथल्यासारखं ठेवतो, म्हणजे इथं वर्षानुवर्षं येतो, फक्त शिरोक्कोच्या दिवसांत कधी आलेला नाही. ऑगस्टातला माणूस. दाढी करतो. चांदी सोडतो आणि पोवळं घेतो.

आणि मीठ! कोरड्या तोरिनोत मीठ ओलं होत नाही. मागच्या आठवड्यात मीठ ओलं होतं ते रोक्कासालेत, घराघरात. निवेसनं स्वतः डबी आपटली होती.

“अरे देवा,” निवेस पायरीला म्हणाली. “म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे. म्हातारा ठिकाणावर नाही.”

घरी कोलोम्बा चण्यांचं सूप ढवळत होती. पातेलं भलंमोठं होतं. दोन बाया आणि सूप न पिणारी एक पोर, यांच्यासाठी एवढं?

“सासूबाई, पिवळी चावी कुठंय?”

सुपातला डाव थांबला.

“लोरेदानाचे वडील इथं आहेत. त्यांना तुम्ही लाल चावी दिलीत, ते स्वतःच्या घरात राहिले. परवा तिचा फोन आला, घर तापवा म्हणून. तुम्ही घाईघाईनं त्यांना तिथून हलवलंत. रग उचललीत, गादी झटकलीत, कॉफीचं भांडं राहिलं. आणि त्यांना ठेवलंत पिवळ्या धाग्याच्या घरात. ते मिलानवाले ईस्टरशिवाय येत नाहीत. बरोबर?”

कोलोम्बा खुर्चीवर बसली. इतकी हळू की निवेसला तिचं वय पहिल्यांदा दिसलं.

“मग सांगायचं ना! चोर म्हणवून घेतलंत, पण तोंड उघडलं नाहीत!”

“काय सांगू?” कोलोम्बा उसळली. “माझ्या विश्वासावर ठेवलेल्या घरात मी दुसऱ्याला झोपवला, असं सांगू? चोरी परवडली, निवेस! चोरी एका घराची होते. हे कळलं तर सगळीच घरं गेली. प्रत्येकीला वाटेल, माझ्या पलंगावर हिनं कुणाला झोपवलं. आणि बोलले नाही तर चोर. इकडे आड, तिकडे विहीर. बोलून तरी काय मिळणार होतं?”

“मग दिलीत कशाला चावी?”

“स्वतःच्या घराची चावी मागत होता माणूस. माझ्या दारात, हातात टोपी धरून.” कोलोम्बानं एप्रननं तोंड पुसलं. “पण पोवळ्याचं मला नव्हतं ठाऊक. देवाशपथ. ती बाई ओरडली तेव्हा कळलं, यानंच उचललं म्हणून. काल रात्रीपासून मी त्याच्याकडे गेलेली नाही. मागं कुणी आलं तर? भाकरीशिवाय बसला असेल.”

गॅस चालू ठेवणारा म्हातारा. बंद खिडक्यांचं घर. काल रात्रीपासून कुणी पाहिलेलं नाही.

“मिर्ता! बूट घाल.”

५

पिवळं घर चर्चच्या मागं, तिसऱ्या मजल्यावर होतं. मिर्ता शालीत गुंडाळलेली, निवेसच्या कडेवर. कोलोम्बा सुपाचा डबा घेऊन मागं, दर पायरीला देवाचं नाव घेत.

दार बंद, चावी आत म्हाताऱ्याकडे. बेल वाजेना, वीज तोडलेली. निवेसनं दारावर हात मारला. काही नाही. पुन्हा मारला. काही नाही. तिनं खाली वाकून दाराच्या फटीशी नाक लावलं. गॅसचा वास नव्हता. पण सर्दी तिलाही झाली होती, आईला व्हायचीच ती, आणि स्वतःच्या नाकावर तिचा विश्वास नव्हता.

“आमेदेओ!” कोलोम्बानं हाक मारली.

मिर्तानं आईच्या खांद्यावरून वाकून कान दाराला लावला. मग बोट तोंडावर ठेवलं.

“श्श. घोरतंय.”

निवेसनं कान लावला. आत, कुठंतरी खोलवर, जुन्या ट्रामसारखं काहीतरी घरघरत चढ चढत होतं, थांबत होतं, पुन्हा चढत होतं.

निवेस दाराला टेकून खाली बसली आणि इतक्या जोरात हसली की घोरणं थांबलं.

आमेदेओनं दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगात ओव्हरकोट होता आणि हातात टॉर्च. दाढी गुळगुळीत केलेली. त्यानं गणवेश न घातलेल्या निवेसकडे पाहिलं, सुपाच्या डब्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं.

“मी काही मोडलं नाही,” तो म्हणाला. “पलंगाच्या चादरीवरसुद्धा नाही झोपलो, वर माझी रग टाकली.”

मिलानवाल्यांच्या पोरांच्या खोलीत, उड्या मारणाऱ्या डॉल्फिनांच्या चादरीवर त्याची रग होती आणि उशाच्या दिव्याला पोवळ्याची फांदी टांगलेली होती.

“हे का आणलंत?” निवेसनं विचारलं. “यापायी ही बाई चोर ठरतेय.”

आमेदेओ कोलोम्बाकडे वळला. तोंड उघडं राहिलं. “चोर? हिला? पण मी… घरात तर लोरेदाना माणसं घेऊन येणार होती. गिऱ्हाईक. माझ्या बायकोची, फेलिचिताची वस्तू परक्यांनी न्याहाळावी, हे मला नको होतं. लोरेदानाला खिळा दिसेल, असं वाटलंच नाही मला. तिला इथलं काहीच दिसत नाही, असंच धरून चाललो होतो.”

तो पलंगाच्या कडेवर बसला.

“चाळीस वर्षं ऑगस्टात आलो आम्ही. मी ट्राम चालवायचो, सुटी ऑगस्टातच. फेलिचिता म्हणायची, ऑगस्टात समुद्र दिसतो कुठं, छत्र्या दिसतात. एकदा हिवाळ्यात येऊ. कुणी नसताना. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी.” त्यानं फांदीला बोट लावलं. “घर विकलं म्हणजे पुढचं वर्ष संपलं. म्हणून आलो.”

“आणि शिरोक्कोत खिडक्या उघडल्यात!” कोलोम्बाला राहवलं नाही. “माझ्या भिंती!”

“समुद्र बोलत होता, कोलोम्बा. त्याच्या तोंडावर खिडकी कशी लावू?”

“बुरशी तू खरवडशील का?”

“खरवडीन.”

“खरवडणार नाहीस. सूप पी.”

६

निवेसनं सगळ्यांना घरी आणलं आणि लोरेदानाला बोलावलं. तिनं पोवळं संगमरवरी टेबलावर ठेवलं, खिडकी, मीठ, कॉफी, ब्लेडं, सगळं एकामागून एक सांगितलं. लोरेदाना ऐकत होती, बिरगिट्टेकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्यातल्या फोटोकडे बघत. कठड्यावरची चौकटीची रग तिनं ओळखली असावी, कारण तिचा चेहरा निवेसचं बोलणं संपायच्या आधीच बदलला.

“तुम्ही मला रोज खोटं बोललात, बाबा.”

“तू विचारायचीस, घरी आहात ना. मी घरीच होतो. शेवटचे दोन दिवस सोडून.”

“गमतीत घेऊ नका!” तिचा आवाज फुटला. “शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा तुम्ही आत आरामखुर्चीत झोपला होतात. मला वाटलं… मी दवाखान्यात एका माणसाचा दात धरून उभी होते आणि फोन आला. तेव्हापासून मी रात्री झोपलेले नाही. रोज फोन करते, तो काय मला हौस म्हणून?”

आमेदेओनं मान खाली घातली. निवेसला तिची बाजू घ्यावीशी वाटली आणि त्याचीही, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे ती चिडली. दिवसभरात मघाशी दाराशी बसून हसली तेवढंच काय ते बरं घडलं होतं.

लोरेदाना कोलोम्बाकडे वळली. “मी तुम्हाला चोर म्हटलं.”

“म्हटलंस.”

“चुकले.”

“अर्धी चुकलीस.” कोलोम्बानं आमेदेओकडून परत घेतलेली पिवळ्या धाग्याची चावी एप्रनमधून काढली. “चोरी नाही केली, पण दुसऱ्याच्या पलंगावर पाहुणा झोपवला. मिलानला मीच फोन करणार. आत्ता. मग ती बाई काय ते ठरवेल.”

“सासूबाई, कुणाला कळणारसुद्धा नाही—”

“मला कळलंय ना.” तिनं चावी टेबलावर ठेवली. खण्.

निवेसनं हात टेकले. बाहेरच्या खोलीत कोलोम्बाचा आवाज ऐकू येत राहिला. सुरुवातीला ताठ, मग तुटक, मग बराच वेळ नुसता “हो… हो, बाई… हो.” ती परत आली. तिनं पिवळा धागा चावीवरून सोडवला, गुंडाळला आणि खिशात टाकला. चावी तेवढी टेबलावर राहिली, उघडी, कुणाचीही नसल्यासारखी.

आमेदेओला ते बघवेना. “माझ्यामुळे,” तो म्हणाला.

“तुझ्यामुळे नाही. सूप थंड होतंय.”

लोरेदाना उठली. तिनं पर्स उघडली, बराच वेळ चाचपत राहिली. मग एक चावी बाहेर काढली. जुनी, तिच्या डोक्याला ट्रामच्या तिकिटाची झिजलेली पट्टी बांधलेली. गेल्या वर्षी बापाकडून काढून घेतलेली.

तिनं ती त्याला दिली नाही. टेबलावर ठेवली, त्याच्या आणि आपल्या मधोमध, पोवळ्याच्या शेजारी, आणि बोटं लगेच मागं घेतली नाहीत.

“ही मी तुमच्याकडून काढून घेतली होती. आता गॅस काढून टाकणार मी,” ती म्हणाली. “विजेची शेगडी बसवीन. तुम्ही काही म्हणा. आणि गिऱ्हाईकाला… ईस्टरनंतर बघू म्हणते.”

आमेदेओनं चावीला हात लावला नाही. चण्यांच्या सुपावरची वाफ तेवढी दोघांमधून वर जात होती.

मिर्ता आईच्या मांडीवर चढली. गरम, जड, नाक अजून वाहतंच. तिनं आधी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या मुलीकडे, मग मधल्या त्या चावीकडे. बोट लावून चावी थोडी फिरवली. मग आईच्या गळ्यात हात टाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कानात विचारलं,

“आई, मी मोठी झाले की तुझी चावी मी काढून घ्यायची का?”